सातशे बासष्ट वळणं

“पंचवीस वर्षं अ‍ॅक्टिव्हा चालवतोय रे इथे. तिथे काय मोठं वेगळं असणार?”

आमच्या सोसायटीतल्या काकांनी हा प्रश्न मला पार्किंगमध्ये, गाडी स्टँडवर चढवता चढवता विचारला. थायलंडची तिकिटं काढून झाली होती. मुलाने चियांग माईत हॉटेल बुक केलं होतं. तिथून पाई नावाच्या गावापर्यंत काकूंना मागे बसवून स्कूटरने जायचं, हे काकांनी मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून ठरवून टाकलं होतं.

प्रश्न अगदी वाजवी आहे. संध्याकाळी सात वाजता पुण्यातल्या कर्वे रोडवरून जो रोज धड घरी पोचतो, तो जगात कुठेही गाडी चालवेल असं त्याला वाटणारच. पण आपल्याला जे येत असतं, त्यातलं निम्मं काम गाडी चालवण्याचं असतं आणि निम्मं इथली माणसं ओळखण्याचं. पुढचा रिक्षावाला पाय बाहेर काढतो तेव्हा तो कुठे वळणार, पीएमपीची बस स्टॉपवरून निघताना किती अंग बाहेर टाकणार, चौकातला मामा कोणत्या झाडामागे उभा असणार, हे सगळं आपल्या अंगात मुरलेलं असतं. तोल सांभाळायची सवय परदेशातही कामाला येते. हे दुसरं निम्मं मात्र इथेच राहतं, आणि ते राहिलंय हे आपल्या लक्षात येत नाही.

चियांग माई ते पाई हा मुख्यतः रस्ता क्रमांक १०९५. साधारण १३० किलोमीटर, तीन तासांचा, आणि त्यावर ७६२ वळणं. हा आकडा पाईत टी-शर्टवर छापून विकतात. संध्याकाळी तिथल्या पायी फिरायच्या बाजारात उभं राहिलं की गुडघ्याला, कोपराला, तळव्याला पांढरी पट्टी बांधलेली तरुण परदेशी मंडळी खाण्याच्या गाड्यांपुढे रांगेत दिसतात. पहिल्या दिवशी मला त्यांची कीव आली. तिसऱ्या दिवशी माझाही तळवा पट्टीत होता. ते पुढे सांगतो.

१. चौकोनातला शिक्का

काकांना मी उलट प्रश्न विचारला. “काका, तुमच्या लायसन्सवर काय लिहिलंय?”

त्यांनी पाकिटातून कार्ड काढलं. त्यावर एकच वर्ग होता : एलएमव्ही, म्हणजे चारचाकी. दुचाकीचा वर्ग नव्हताच. पंचवीस वर्षांत कुणी पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही. मारुती घेतली तेव्हा लायसन्स काढलं आणि त्याच्या जोरावर स्कूटरही चालत राहिली. अशी माणसं आपल्याकडे किती असतील कोण जाणे. तुम्हीही हे वाचता वाचता एकदा पाकीट उघडून बघा. दुचाकीसाठी ‘एमसीडब्ल्यूजी’, म्हणजे गिअरवाली, किंवा ‘एमसीडब्ल्यूओजी’, म्हणजे बिनगिअरची, असं काहीतरी तिथे हवं.

परदेशात गाडी चालवायला लागतो तो इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, आयडीपी. हे वेगळं लायसन्स नव्हे. आपल्या लायसन्सचा तो अधिकृत अनुवाद आहे, असं समजा. जन्मदाखल्याचं भाषांतर जसं मूळ दाखल्याशिवाय निरुपयोगी, तसाच आयडीपी मूळ कार्डाशिवाय निरुपयोगी. दोन्ही जवळ हवेत. मोबाइलमधलं डिजिलॉकर तिथल्या पोलिसाला दाखवून उपयोग नाही. आयडीपी आपल्या आरटीओतून मिळतो, फी एक हजार रुपये, मुदत एक वर्षाची. इंटरनेटवर ‘दहा वर्षांचं आंतरराष्ट्रीय लायसन्स, घरपोच’ अशा जाहिराती दिसतात. तसलं पुस्तक देखणं असतं, पण त्याची किंमत छापील कागदापेक्षा जास्त नाही.

या परमिटच्या शेवटच्या पानांवर वाहनांचे प्रकार आणि त्यांच्यापुढे चौकोन असतात. ‘ए’ म्हणजे दुचाकी, ‘बी’ म्हणजे मोटार. मूळ लायसन्सवर जे असेल त्याच चौकोनात शिक्का पडतो. काकांच्या बाबतीत ‘बी’त पडेल आणि ‘ए’ कोरा राहील. चियांग माईत नाक्यावर पोलिसाने अडवलं, तर तो पान उलटून नेमका तोच चौकोन बघणार. भाड्याने देणारा दुकानदार मात्र बघत नाही. त्याला गाडी द्यायचीच असते. ‘दुकानदाराने दिली म्हणजे चालत असणार’ हा आपला सगळ्यात महागात पडणारा समज.

मग काकांनी आता दुचाकीचा वर्ग वाढवून घ्यावा? घ्यावाच. पण आधी शिकाऊ लायसन्स, त्यानंतर किमान ३० दिवस थांबायचं, मग टेस्ट. काकांचं विमान तीन आठवड्यांवर होतं.

देशादेशांतला फरकही इथेच सांगून टाकतो. रस्त्यांबाबत दोन मोठे आंतरराष्ट्रीय करार आहेत : १९४९ चा जिनिव्हाचा आणि १९६८ चा व्हिएन्नाचा. भारतात मिळणारा परमिट १९४९ च्या करारातला. थायलंड तो मानतो. व्हिएतनाम १९६८ चाच मानतो. म्हणजे ‘ए’वर शिक्का असलेला, खराखुरा, आरटीओचा आयडीपी घेऊन तुम्ही हनोईत उतरलात तरी नेहमीच्या १००-१२५ सीसीच्या स्कूटरसाठी कायद्याच्या नजरेत तुम्ही बिनलायसनचे. तिथे ५० सीसीच्या आतल्या गाडीला लायसन्स लागत नाही, पण तसली गाडी घेऊन तिथल्या ‘हा जियांग’ भागातले डोंगर चढायचे म्हणजे बैलगाडीने खंडाळा. त्या भागात स्थानिक माणूस गाडी चालवतो आणि आपण मागे बसायचं अशी सोय मिळते. मला विचाराल तर तीच उत्तम. डोंगर बघायला आलोय, तर दोन्ही डोळे डोंगराकडे ठेवता येतात.

२. इन्शुरन्सची साखळी

हा भाग छोटा आहे, पण वरच्या शिक्क्याचं खरं मोल इथे कळतं.

पोलिसाचा दंड काही हजार रुपयांत भागतो. पाय मोडून परदेशातल्या खाजगी दवाखान्यात प्लेट बसवायची वेळ आली, तर बिल लाखांत जातं. म्हणून आपण ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतो. त्या पॉलिसीत मागच्या बाजूला बारीक टायपात ‘यासाठी भरपाई नाही’ अशी यादी असते. वैध लायसन्स नसताना वाहन चालवणं, दारू पिऊन चालवणं, हेल्मेट नसणं या गोष्टी त्यात बहुधा सापडतात. काही पॉलिसींत ठरावीक सीसीच्या वरची दुचाकी सरसकट वगळलेली असते. साखळी अशी : चौकोनात शिक्का नाही, म्हणून लायसन्स वैध नाही, म्हणून पॉलिसी लागू नाही, म्हणून बिल आपलं. अपघातात चूक समोरच्याची असली तरी ही साखळी तुटत नाही. पॉलिसी घेताना एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा : “भाड्याची १२५ सीसी स्कूटर स्वतः चालवली तर चालेल का?” उत्तर फोनवर घेऊ नका, ईमेलवर घ्या.

थायलंडमध्ये प्रत्येक गाडीचा एक सक्तीचा सरकारी विमा असतो. दुकानदार “इन्शुरन्स आहे” म्हणतो तो बहुतेक वेळा हाच. त्यातून उपचाराला सुरुवातीचे ३०,००० बाट मिळतात आणि चूक आपली नाही असं ठरलं तर ८०,००० पर्यंत. स्कूटरच्या नुकसानीचा त्यात एक पैसाही नाही.

३. पासपोर्ट द्यायचा नाही

दुकानात गेल्यावर पहिली मागणी पासपोर्टची. “गाडी परत दिली की परत.” याला नकार द्यायचा, आणि त्यासाठी वाद घालायची गरज नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. जी वस्तू आपलीच नाही ती गहाण कशी ठेवणार? शिवाय गाडीला ओरखडा पडला, तर वाटाघाटीत दुकानदाराच्या हातात पासपोर्ट आणि आपल्या हातात काहीच नाही. झेरॉक्स आणि रोख डिपॉझिट घेणारी दुकानं मिळतात. दोन गल्ल्या जास्त चालावं लागतं, इतकंच.

गोव्यात भाड्याच्या दुचाकीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात, म्हणून खाजगी गाडी कुणी गुपचूप भाड्याने दिली तर लांबूनच कळतं. अशी सोय सगळ्या देशांत नाही. म्हणून नोंदणीच्या कागदाची झेरॉक्स मागून घ्यायची.

त्यानंतर व्हिडिओ. दुकानदारासमोरच, त्याला दिसेल असा, गाडीभोवती एक चक्कर : आरसे, ब्रेकच्या दांड्यांची टोकं, पायाशी असलेलं प्लास्टिक, सायलेन्सरची खालची बाजू, पेट्रोलचा काटा. खालची बाजू लोक विसरतात, आणि जुने ओरखडे नेमके तिथेच असतात.

४. दोन ब्रेक, एक सवय

आता प्रत्यक्ष गाडी. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना किमान कॉम्बी-ब्रेक असणं सक्तीचं आहे. स्कूटरची डावी दांडी दाबली की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लागतो. त्यामुळे गेल्या काही वर्षांत आपल्यातले बरेच जण नकळत एका हाताचे झाले आहेत. सगळं काम डाव्या हाताने, उजवा हात फक्त अ‍ॅक्सिलरेटरला. परदेशात जुनी भाड्याची स्कूटर मिळाली तर तिच्यात डावी दांडी फक्त मागच्या चाकाची असू शकते. सवयीने डावी दाबाल, गाडी थांबायच्या ऐवजी रेंगाळेल, आणि पुढच्या ट्रकचं मागचं फळकूट जवळ येईल.

पुढचा ब्रेक इतका महत्त्वाचा का, ते एसटीत उभं राहिलेल्या कुणालाही कळेल. ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळे पुढे झुकतात. स्कूटरवरही तसंच होतं : ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं पडतं. हलक्या चाकाची रस्त्यावर पकड कमी. म्हणून जोर दोन्ही दांड्यांवर हवा, पुढच्यावर थोडा जास्त, आणि तोही हळूहळू वाढवत.

पण यात एक मेख आहे, आणि माझा तळवा तिथेच सोलवटला. पाईच्या अलीकडे एका चहाच्या टपरीकडे मी वळत होतो. वेग सायकलचा. डांबर संपून बारीक खडी सुरू झाली होती, हँडल डावीकडे वळलेलं होतं, आणि मी उजवी, म्हणजे पुढच्या ब्रेकची दांडी दाबली. वळताना चाकाची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होत असते. खडीवर ती मुळात कमी. त्यातून ब्रेकही मागितला. पुढचं चाक साबणाच्या वडीसारखं सटकलं आणि मी हात टेकला. सगळ्यांचाच टेकतो, मेंदूला विचारायला वेळ नसतो. टपरीवाल्या बाईंनी न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. त्यांचा रोजचा शिरस्ता असावा. तळव्यात रुतलेले खडे काढायला मला सुईणीसारखी चिकाटी लागली. तेव्हापासून मी साधे का होईना, हातमोजे बरोबर नेतो.

तर ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात शिरल्यावर फक्त वळायचं.

आणखी एक गोष्ट. सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. आपल्याकडे हे पोराटोरांना माहीत आहे. परदेशात मात्र दिवसभर डोंगर चढून आलेल्या गाडीवरून फोटो काढायच्या घाईत माणूस उजवीकडून उतरतो आणि पोटरी भाजून घेतो. चड्डी घालून हिंडणाऱ्यांच्या उजव्या पोटरीवरच्या या रुपयाएवढ्या डागाला तिकडे ‘थाई टॅटू’ म्हणतात. भाजलं तर नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, बर्फ, हळद, काही नाही.

५. घाट उतरताना फुगडी

चढणीला माणूस घाबरतो, पडतो मात्र उतरणीला. याचं कारण समजायला स्कूटरच्या पोटात डोकवावं लागतं.

मोटरसायकलवर घाट उतरताना आपण गिअर खाली टाकतो आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. स्कूटरला पायाखाली गिअर नाही आणि हातात क्लच नाही. मग क्लच कोण धरतं, सोडतं? गाडी स्वतःच. आतल्या क्लचच्या बुटक्या पट्ट्या गोल फिरतात. फुगडी घालताना वेग वाढला की दोघीही बाहेर फेकल्या जातात, हात ताणले जातात, तशाच या पट्ट्या वेग वाढला की बाहेर सरकतात आणि भोवतालच्या वाटीला घट्ट पकडतात. पकडलं की इंजिन आणि मागचं चाक जोडलं गेलं. फुगडी मंदावली की पट्ट्या आत येतात आणि हात सुटतो.

आता उतरणीवर काय होतं बघा. आपण घाबरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडतो आणि ब्रेक दाबून गाडी अगदी हळू करतो. फुगडी थांबली, पकड सुटली. इंजिनचा चाकाशी संबंध संपला. त्या क्षणापासून गाडी उतारावर सोडलेल्या हातगाडीसारखी घरंगळते, आणि तिला अडवायला फक्त ब्रेक उरतात. इंजिन मंद फिरतंय, त्यामुळे नुसता गाडीचा वेग वाढल्याने ती पकड परत बसत नाही.

उपाय ऐकायला उलटा वाटतो : गाडी पार रांगायला लागायच्या आत ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटर किंचित, अगदी किंचित पिळायचा. पट्ट्या पकडतात, एक बारीकसा धक्का जाणवतो, मग हात सैल सोडला की इंजिन मागे ओढू लागतं. हा धक्का एकदा ओळखू आला की पुढे कान आणि पाठ आपोआप सांगतात. तरी स्कूटरचं इंजिन लहान, त्याची ओढ बेताची. ब्रेक लागणारच. ते सतत घासत ठेवले तर तापतात आणि तापले की त्यांची पकड विरघळते. जळका वास आला किंवा दांडी नेहमीपेक्षा खोल जायला लागली, की कडेला थांबून दहा मिनिटं डोंगर बघायचा. मागे माणूस आणि पायाशी सॅक असेल तर हे सगळं दुप्पट लवकर होतं.

हे करून बघायला थायलंडपर्यंत जायची गरज नाही. आपला दिवेघाट आहे, कात्रज आहे. तिथे दोनदा उतरून या.

६. थोडं गणित

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर कुत्रं दिसलं (थायलंडमधली कुत्री भर रस्त्यात निवांत झोपतात) आणि ब्रेकपर्यंत बोट पोचायला एक सेकंद गेला, तर तेवढ्यात ११ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागून थांबायला आणखी साधारण १२ मीटर. एकूण २३.

वेग ६० केला तर? पहिल्या सेकंदात १७ मीटर, आणि ब्रेक लागल्यावर २८. एकूण ४५. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणून असं होतं. पाऊस असेल तर या आकड्यांवर विसंबू नका. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की शेवाळलेल्या फरशीसारखे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात थायलंडमध्ये रस्त्यावरच्या मृत्यूंचं प्रमाण दर लाख लोकांमागे ३२.७ होतं. त्यातले ७४ टक्के लोक दुचाकी-तिचाकीवरचे. हे मुख्यतः तिथलेच लोक, ज्यांना तिथली कुत्री, तिथले ट्रक आणि तिथली वळणं रोजची आहेत.

हेल्मेटबद्दल उपदेश करत नाही. दुकानात मिळणारं हेल्मेट बहुतेकदा टोपलीसारखं, पट्टा लोंबणारं असतं, ते बदलून मागा, एवढंच. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकीच सैल जागा हवी. डोकं हलवल्यावर हेल्मेट मागून हललं तर ते तुमचं नव्हे. थाई भाषेत हेल्मेटला ‘म्वाक कान नॉक’ म्हणतात. म्वाक म्हणजे टोपी, कान म्हणजे अडवणं आणि नॉक हा सरळ इंग्रजीतून आलेला. टोला अडवणारी टोपी. आपल्याला शिरस्त्राणापेक्षा बरा शब्द सुचायला हवा होता.

७. रस्त्याची दुसरी बाजू

थायलंड आणि बाली इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. व्हिएतनाममध्ये उजवीकडून. गर्दीत याचा त्रास होत नाही, कारण सगळे ज्या बाजूने जातात त्या बाजूने आपण जातो. चूक होते ती एकटं असताना : सकाळी हॉटेलच्या गल्लीतून निघताना, पेट्रोल भरून बाहेर पडताना, रिकाम्या चौकात. तिथे हात जुन्या सवयीने डावीकडे नेतो. माझी एक युक्ती आहे. डाव्या आरशाला रंगीत रबरबँड अडकवायचा आणि मनाशी म्हणायचं, रबरबँड रस्त्याच्या मधल्या बाजूला. पोरकट आहे, पण चालते.

दारूचा हिशेबही वेगळा. आपल्याकडे रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, थायलंडमध्ये सर्वसाधारण मर्यादा ५० ची, आणि व्हिएतनाममध्ये २०२० पासून शून्य. शून्य म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबरची एक बिअरसुद्धा.

थायलंडमध्ये पडलात तर रुग्णवाहिकेसाठी १६६९ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५. हे नंबर मोबाइलबरोबर कागदावरही लिहून खिशात ठेवा. पडताना पहिला फुटतो तो मोबाइल. गाडीचे आणि जागेचे फोटो आधी, मग गाडी उचलायची.

माझी स्कूटर परत करताना दुकानातल्या मुलाने आधी माझ्या पट्टीकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि पाच ओरखडे बोटाने दाखवले. मी व्हिडिओ लावला. चार त्यातले जुने निघाले. पाचव्याचे तीनशे बाट मी मुकाट्याने दिले.

काकांनी शेवटी आरटीओत शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज केला, ते पुढच्या सहलीसाठी. या खेपेला चियांग माईच्या आर्केड बसस्थानकावरून पाईची मिनीव्हॅन घेतली. काकू खिडकीशी बसून वळणं मोजणार होत्या, वहीसुद्धा काढली होती. तीनशेच्या आसपास काकांना उलटी झाली, आवळासुपारीची डबी शोधण्यात गोंधळ उडाला आणि मोजणी तिथेच राहिली.